कणगी, घूस आणि सरकारी बक्षीस

लवळे म्हटले की आज लोकांना टेकडीवरचे सिंबायोसिसचे आवार किंवा फ्लेम विद्यापीठ आठवते. मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाचे हे गाव पौड रस्त्याच्या उत्तरेला, पिरंगुट, सूस आणि नांदे यांच्या शेजारात वसलेले आहे. पुणे शहर इतके जवळ आले आहे की गावाची जुनी ओळख पुसट व्हायला लागली. ती ओळख भाताची होती. मुळेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात खरिपाचे भात हे वर्षाचे मुख्य पीक. ते दिवाळीच्या आगेमागे कापायचे, खळ्यावर झोडपायचे, वारवायचे आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवायचे. घरातल्या माणसांचे पोट, पुढच्या पेरणीचे बियाणे, लग्नकार्याचा शिधा, बलुत्याचा वाटा, उसनवारीची परतफेड हे सगळे एकाच ढिगात आणि तो ढीग राहत्या घरात. वर्षातले चार महिने बाहेर पाऊस. खाचरात पाणी तुंबले की बांधावरचे उंदीर कोरड्या जागेच्या शोधात घराकडे वळणार आणि घरात तर वर्षभराचे धान्य वाट पाहत असणार. मावळातल्या शेतकऱ्याला उंदरांचा प्रश्न दरवर्षी याच स्वरूपात पडत आला आहे. त्याने त्याचे उत्तर काय काढले होते आणि त्याच्याहून मोठ्या सत्तांनी काय काढले, याचा इतिहास एकत्र वाचला तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. उंदीर मारून उंदरांचा त्रास हटल्याचा पुरावा फार थोडा आहे. तो कमी झाला तेव्हा बहुतेक वेळा धान्य ठेवण्याची रीत, घराची बांधणी आणि शेताचा बांध यांपैकी काहीतरी बदललेले होते.

दख्खनच्या कोरड्या भागात धान्य जमिनीत ठेवण्याची रीत होती. त्याला पेव म्हणत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांचे मोठे नुकसान झाले. पेव भरून तोंड लिंपून टाकले की आतली हवा काही दिवसांत संपते. किडा जगत नाही, उंदीर जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, हा दंडक. पण ही रीत मुळशीत चालणार कशी? जिथे पावसाळ्यात हातभर खणले की पाणी लागते तिथे जमिनीत पुरलेले भात महिनाभरात कुजेल. म्हणून मावळाने उलटी वाट धरली आणि धान्य जमिनीपासून वर उचलले. बांबूच्या कामट्यांची किंवा कारवीची विणलेली कणगी, तिला आतून-बाहेरून शेण-मातीचा लेप आणि बुडाखाली दगड किंवा लाकडाच्या फळ्या. घरात वर माळा असेल तर काही धान्य तिकडे, म्हणजे चुलीचा धूर आपोआप त्याला लागतो. बियाणे निराळे, उंच टांगलेले.

या कणगीकडे जरा जवळून पाहायला हवे, कारण तिच्यात जे शहाणपण आहे ते दिसायला साधे आहे. भातशेतीच्या भागातली घूस बिळे करण्यात पटाईत असते, पण चढण्यात कच्ची. ती भिंतीच्या पायातून किंवा जमिनीखालून येते. दगडावर उचललेल्या कणगीपर्यंत पोचायला तिला उघड्यावर यावे लागते. काळा घरउंदीर मात्र चढण्यात तरबेज. तो आढ्यावरून, वाशांवरून येतो आणि कौलांखाली घर करतो. त्याच्यासाठी कणगीचे तोंड झाकलेले हवे आणि ती भिंतीपासून हातभर दूर हवी. बाईने दर चार-आठ दिवसांनी जमीन सारवली की तिच्यावर काय घडले ते सकाळी वाचता येते. ताजा उकीर दिसला म्हणजे रात्रीत कोणीतरी खाली उकरले. भाताचे तूस सांडलेले दिसले म्हणजे दाणा सोलून खाल्ला. लेंड्या दिसल्या की कुठून कुठे वाट आहे तेही कळते. मग त्याच दिवशी भोक दगडाच्या खपल्यांनी ठासून बुजवायचे, वरून लिंपायचे, पुन्हा सारवायचे. कणगी उंदराला अडवते, पण तिचा खरा उपयोग असा की उंदीर आल्याचे ती लगेच सांगते. गोण्यांच्या थप्पीमागे तीन महिने चाललेला कारभार कळत नाही; सारवलेल्या जमिनीवर एका रात्रीचाही कळतो. हे सगळे काम घरातल्या बायकांनी केले. त्याची नोंद दप्तरात झाली नाही म्हणून ते उंदीर नियंत्रणाच्या इतिहासातून वगळावे असे नाही. माझ्या मते तो या इतिहासाचा सर्वांत मोठा भाग आहे.

हाच विचार राज्यकर्त्यांच्या कागदात क्वचित दिसतो, आणि जिथे दिसतो तिथे तो आश्चर्यकारक नेमकेपणाने येतो. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या दळवटणे इथल्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले १६७० च्या दशकातले पत्र मराठी वाचकाला माहीत आहे ते मुख्यतः रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका या आज्ञेमुळे. त्याच पत्रात पावसाळ्यासाठी साठवलेल्या दाण्याची आणि गवताची काळजी कशी घ्यायची याच्या बारीक सूचना आहेत. कोणी गवताशेजारी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, आणि रात्री दिवा तेवत राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, गंजी पेटतील, घोडी उपाशी मरतील, अशी शंका त्यात बोलून दाखवली आहे. या शंकेवरचा उपाय पाहा. छावणीतले उंदीर मारा असे महाराज सांगत नाहीत. झोपण्यापूर्वी दिवा विझवा असे सांगतात. गवताच्या छावणीत उंदीर असणारच, हे गृहीत धरले आहे. त्याला काय सापडू द्यायचे नाही, एवढे माणसाच्या हातात आहे आणि हुकूम तेवढ्यापुरताच दिला आहे. साठ्याची व्यवस्था ज्याला कळते त्याचे हे लिहिणे आहे.

त्याच्या कितीतरी आधीच्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोन्ही विचार शेजारी शेजारी आढळतात. कोठाराच्या प्रकरणात धान्य उंचावर ठेवावे असे सांगितले आहे. राष्ट्रावर येणाऱ्या आपत्तींच्या प्रकरणात आग, पूर, रोगराई, दुष्काळ यांच्याबरोबरीने उंदरांची गणना आहे आणि तिथे मांजरे व मुंगसे सोडावीत, ती पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला बारा पण दंड करावा, निवडुंगाचा चीक लावलेले धान्य टाकावे आणि गरज पडली तर लोकांवर उंदरांचा कर बसवावा असे उपाय आहेत. म्हणजे प्रत्येकाने ठरावीक उंदीर आणून द्यायचे. मला ही विभागणी सूचक वाटते. रोजच्या कारभारात उंचावरचे कोठार, आणि आपत्ती आली की कर. राजाला आपत्तीत काहीतरी करताना दिसावे लागते, आणि मारलेले उंदीर मोजता येतात. न खाल्लेले धान्य मोजता येत नाही. पुढच्या दोन हजार वर्षांतल्या बहुतेक मोहिमा या एका कारणाने मोजणीच्या बाजूला झुकल्या.

मोजून मारण्याचा एक जुना, नीट नोंदलेला अनुभव आपल्याच प्रदेशातला आहे. धारवाड भागात नोकरी केलेले वॉल्टर इलियट यांनी दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात मऊ केसांच्या एका शेतउंदराबद्दल त्यांनी लिहिले आहे. हा उंदीर काळ्या जमिनीच्या भेगांत राहतो आणि एरवी पावसाळा सुरू होताच त्या भेगा ढासळून, बुजून असंख्य उंदीर मरतात. १८२६ मध्ये सुरुवातीचा पाऊस कमी पडला आणि उंदीर मोकाट वाढले. पेरलेले बी त्यांनी खाल्ले, पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे कापली. शेतकऱ्यांनी वडारांना बोलावले. इतक्या डझनांना इतके माप धान्य असा ठराव झाला. वडारांनी हजारोंनी उंदीर मारले, आणि इलियट नोंदवतात की तरीही उंदरांच्या संख्येत कमी झाल्याचे जाणवले नाही. ही नोंद कोणत्याही सिद्धान्ताच्या बाजूने केलेली नाही, म्हणून ती मोलाची. मारणारे कुशल होते, मोबदला धान्यात मिळत होता, काम खरोखर झाले होते. तरी ते पावसाच्या एका आठवड्याची बरोबरी करू शकले नाही.

पन्नास वर्षांनी हेच मोठ्या प्रमाणावर झाले. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळातून दख्खन बाहेर पडत होते तोच १८७८-७९ च्या हंगामात उंदरांनी उभी पिके खाल्ली. सरकारने मारलेल्या उंदरांवर बक्षीस लावले आणि लाखोंनी उंदीर मारले गेले. दुष्काळाने खंगलेल्या माणसांना त्या बक्षिसाचे चार पैसे मिळाले असतील तर ते चांगलेच झाले. मदत म्हणून त्या योजनेची किंमत कमी लेखू नये. पण उंदरांवरचा उपाय म्हणून तिच्याकडे पाहिले तर तिचा दोष उघड आहे. बक्षीस मेलेल्या उंदराला मिळते, म्हणून मारणारा तिथे जातो जिथे उंदीर पुष्कळ आणि सहज सापडतात. जिथे थोडे उरले आहेत, तिथल्या बिळामागे दिवस घालवणे त्याला परवडत नाही, आणि पुढची पिढी तर त्या उरलेल्यांचीच असते. १९०२ मध्ये हनोईत फ्रेंच अधिकाऱ्यांनी प्रत्येक शेपटीला पैसे देऊ केले तेव्हा याच तर्काचे टोक दिसले. शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर फिरू लागले, कारण शेपूट कापून सोडलेला उंदीर पुढे आणखी शेपट्या देणार होता. काही जण तर उंदीर पाळू लागले. त्यांना लबाड म्हणून सोडून देणे सोपे आहे. योजनेने जे विकत घ्यायचे ठरवले होते तेच त्यांनी विकले.

मारून संख्या का घटत नाही याचा उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यावर झाला. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात गल्लीगल्लीतल्या उंदरांची वर्षानुवर्षे मोजदाद केली. एखाद्या वस्तीतले निम्मे उंदीर काढून टाकले तर काही महिन्यांत संख्या पूर्वीइतकी होते, कारण उरलेल्यांना अन्न आणि जागा जास्त मिळते, पिल्ले जास्त जगतात, शेजारचे उंदीर रिकाम्या बिळांत येतात. घरउंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा-आठ पिल्ले होतात, हा हिशेब पाहता नवल वाटायला नको. पण कचऱ्याचे डबे झाकले, पडक्या भिंती दुरुस्त केल्या, अडगळ हलवली की संख्या खाली येऊन तिथेच राहिली. किती उंदीर राहतील हे तिथले अन्न आणि आडोसा ठरवतात. लवळ्यातल्या सारवणाऱ्या बाईला हे बाल्टिमोरहून कळायची गरज नव्हती, पण तिच्या रीतीला यातून जो पुरावा मिळतो तो टाकाऊ नाही.

इथे पहिला गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो पुणे जिल्ह्याच्या इतिहासातूनच येतो. प्लेगचे काय? १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत, म्हणजे धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. काही महिन्यांत पुणे पेटले. रँडच्या प्लेग समितीने घरे उपसली, २२ जून १८९७ रोजी चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली, आणि त्याआधी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. उंदीर माणसाचा जीव घेतो म्हटल्यावर त्याला मारण्यावाचून दुसरा विचार करायचा कसा, असे कोणीही विचारील. पण प्लेगने शिकवलेला धडा नेमका उलटा आहे. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों यांनी पिसवेकडे बोट दाखवले आणि १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या प्रयोगांनी ते पक्के केले. मेलेल्या उंदराच्या अंगावरून पिसवा उतरतात आणि जवळच्या उबदार अंगाकडे जातात. म्हणजे साथीच्या काळात घरातले उंदीर मारत सुटणे हे पिसवांना माणसावर सोडण्यासारखे होते. आजही प्लेगच्या बंदोबस्तात आधी पिसवा मारायच्या आणि मग उंदरांकडे वळायचे असा क्रम आहे.

गावकऱ्यांनी हे शास्त्र येण्याआधी जो उपाय केला तो याहून शहाणा होता. गावात उंदीर पडू लागले, म्हणजे आपोआप मरून आढ्यावरून खाली पडू लागले, की गाव सोडायचे आणि रानात झोपड्या घालून राहायचे. महाराष्ट्रातल्या गावोगावी म्हाताऱ्यांच्या आठवणीत ही झोपड्यांची वर्षे राहिली. मेलेला उंदीर त्यांच्यासाठी मोजायची वस्तू नव्हता, सूचना होता. सरकारला हे गाव सोडणे पुष्कळदा घबराट वाटले. उंदीर, पिसू, धान्य आणि माणूस एका छपराखाली राहत होते. त्यातला माणूस बाजूला काढला की साखळी तुटत होती. मुंबईच्या महापालिकेने दुसरी वाट धरली आणि ती आजही चालू आहे. रात्री काठी आणि विजेरी घेऊन उंदीर मारणारे कामगार तिच्या नोकरीत आहेत आणि त्यांना रात्रीला तीस उंदरांचे लक्ष्य असते. हे काम किती कष्टाचे आणि किती उपेक्षेचे आहे ते वेगळे सांगायला नको. शंभराहून अधिक वर्षे हे चालले आहे, आणि दर रात्री तितकेच उंदीर सापडतात, या एका गोष्टीत त्या पद्धतीची मर्यादा पुरेशी दिसते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली तेव्हा शहरातल्या उंदरांचा प्रश्न होता तिथेच असल्याचे दिसून आले.

आणि १९९४ मध्ये प्लेग पुन्हा आला तो कुठे? बीड जिल्ह्यातल्या मामला या छोट्या गावात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या भीतीने लोक घराबाहेर राहू लागले होते. घरांत धान्य तसेच राहिले. सारवण थांबले, वावर थांबला, उंदीर वाढले. ऑगस्टमध्ये उंदीर पडू लागल्याचे गावकऱ्यांच्या लक्षात आले, आणि सप्टेंबरमध्ये गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले. त्या महिन्यात सगळ्या देशाचे लक्ष सुरतेतल्या प्लेगकडे होते, म्हणून मामला आपण लवकर विसरलो. माझ्या विषयासाठी मामला सुरतेहून महत्त्वाचे आहे. तिथे उंदीर मारण्यात कोणी कसूर केली नव्हती. धान्याची राखण करणारा माणूस घरातून निघून गेला होता, एवढेच बदलले होते.

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीचा वाटतो. कणगीचे एवढे गुणगान करताना ती उंदराला रोखू शकत होती असे भासवले जाते, आणि ते खरे नाही. कामटी आणि शेण-माती उंदराचा दात सहज कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि त्याला कुरतडावेच लागते. जुन्या घरांत उंदीर होते, मुबलक होते, आणि प्लेग त्याच घरांत पसरला. हे सगळे मान्य आहे. कणगीला परत आणावे असे माझे म्हणणे नाही. तिच्यातला विचार तिच्याहून चांगल्या वस्तूत आला तेव्हा लोकांनी तो आनंदाने घेतला, हे पत्र्याच्या कोठीने दाखवले. गेल्या साठ-सत्तर वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरात पोचलेली ही कोठी धान्य उचलून धरते, तोंड बंद ठेवते आणि दाताला दाद देत नाही. शेतकऱ्याच्या घरातले धान्य उंदरांपासून जितके पत्र्याने वाचवले तितके कोणत्याही विषाने वाचवले नसेल, असे मला ठामपणे वाटते. कोठीचे तोटेही आहेत. ओलसर भात घाईने भरले तर आत घाम धरतो, म्हणून उन्हे देणे चुकवता येत नाही. पण तो सुधारता येणारा दोष आहे.

विषाचा अनुभव निराळा. सोमल घराघरात माहीत होता. नंतर झिंक फॉस्फाइड आले आणि कृषी खात्याच्या मोहिमांतून गावोगाव पोचले. दोन टक्के झिंक फॉस्फाइडचे आमिष प्रभावी आहे, यात वाद नाही. पण उंदीर चाखून खातो. अर्धवट खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या वासाच्या जवळ जात नाही. म्हणून दोन-तीन दिवस साधे आमिष घालून विश्वास बसवायचा आणि मग विषारी आमिष ठेवायचे, ही शिफारस. पुढे ब्रोमाडिओलोनसारखी सावकाश मारणारी औषधे आली. त्यांत उंदराला शंका येत नाही. मात्र विष खाऊन मंदावलेला उंदीर गव्हाणी घुबडाच्या आणि सापांच्या तोंडी सहज पडतो आणि विष त्यांच्यात उतरते. धामण दिसली की ती गाईचे दूध पिते म्हणून तिला काठीने मारायचे आणि मग उंदरांसाठी विष विकत आणायचे, हा व्यवहार आपल्याकडे फार वर्षे चालला. दूध पिण्याची गोष्ट खोटी आहे. धामण उंदरांच्या बिळात शिरू शकते आणि विषाची पुडी शिरू शकत नाही. उद्रेकाच्या हंगामात विष लागते, हे मी नाकारत नाही. पण त्याच कृषी खात्याच्या शिफारशींमध्ये बांध अरुंद आणि ठेंगणे ठेवा असेही सांगितलेले असते, कारण रुंद बांधात घुशीला घर करायला जागा मिळते. ती सूचना पुडीइतकी लोकप्रिय झाली नाही. बांध छाटायला मेहनत पडते आणि शेजाऱ्याशी भांडण होते.

बांधाचा विषय निघाला की मुळशीतल्या कातकऱ्यांकडे यावे लागते. भात पिकत आले की घूस लोंब्या कापून बिळातल्या कोठीत साठवते. कापणी झाल्यावर कातकरी कुटुंबे बांध हेरतात, उकीर पाहून चालती बिळे ओळखतात, एका तोंडातून धुरी देतात, दुसऱ्या तोंडाशी थांबतात, आणि घूस मिळाल्यावर उकरून तिने साठवलेले भातही काढतात. यात मारणे आहे, म्हणजे माझ्या म्हणण्याला हा अपवाद नाही का? मला तो अपवाद वाटत नाही, कारण इथे एकाच कामात तीन गोष्टी होतात: विणीची मादी जाते, साठा जातो आणि बीळ मोडते. १८२६ मध्ये वडारांना डझनावर माप मिळत होते, बक्षिसाच्या योजनेत तर उंदीर आणून दाखवला की काम संपत होते. कातकऱ्याला मोबदला बिळाच्या तळाशी मिळायचा, म्हणून तो तळापर्यंत जायचा. यावर कोणी म्हणेल की हे उपासमारीचे कौतुक आहे. त्या आक्षेपात तथ्य आहे. खैराच्या काताचा धंदा जंगल कायद्यांनी हातचा गेला, जमीन नावावर नाही, म्हणून बिळातले भात हा त्यांच्या वर्षाचा आधार झाला. शेतकऱ्याने त्यांना उकरू दिले यात उपकार नव्हता. त्याचे काम फुकट होत होते. या ज्ञानाला मजुरी द्यायला हवी होती आणि ती कोणी दिली नाही. तामिळनाडूत इरुळ आदिवासींनी १९७८ मध्ये सापांचे विष काढणारी सहकारी संस्था उभी केली तेव्हा त्यांच्या सर्पज्ञानाला दर मिळाला. कातकऱ्यांच्या बिळाच्या ज्ञानाला इथे तसा दर मिळाल्याचे ऐकिवात नाही.

आता लवळ्यात भाताची खाचरे आक्रसली आहेत. जमिनी विकल्या गेल्या, काहींवर बंगले उठले, काही नुसत्या तारेचे कुंपण घालून पडून आहेत. पिरंगुटकडे कारखाने आणि गोदामे दाटली. गोदामातला उंदीर भात खायला येत नाही. त्याला खोक्यांचा आडोसा, कामगारांच्या डब्यातले सांडलेले आणि वायरीचे वेष्टण पुरते. शटर आणि फरशी यांच्यात बोटभर फट असली तरी लहान उंदीर आत येतो. चिमणा उंदीर तर सहा मिलिमीटरच्या भोकातून निघतो. केबल जिथून भिंतीत शिरते त्या भोकाचा आकार कोणी पाहत नाही. उंदरांसाठी जो ठेका दिला जातो त्यात सापळे किती, आमिष किती, सापडले किती याचा तक्ता असतो. बंद केलेल्या फटींचा रकाना त्यात क्वचितच असतो, आणि माझ्या मते हा ठेका त्याच एका रकान्यावर द्यायला हवा. शेतीचे दुखणे याहून अवघड आहे. चार पडीक प्लॉटांच्या मध्ये एकच खाचर पिकत असेल तर चारही प्लॉटांतल्या घुशींना कार्तिकात तेवढेच एक ताट वाढलेले असते. पूर्वी नुकसान सगळ्या शिवारात विभागले जायचे. आता ते जो अजून भात लावतो त्याच्या एकट्याच्या वाट्याला येते. त्याने आपले बांध छाटले, बिळे मोडली, कोठी आणली तरी कुंपणापलीकडचे गवत आणि रुंद पडीक बांध त्याच्या हाताबाहेर आहेत. ते ज्याच्या नावावर आहेत तो पुण्यात किंवा मुंबईत राहतो, आणि दिवाळीआधी तिथले गवत कापून बांध मोकळे करण्याचा खर्च त्यानेच उचलायला हवा.